मेज विकले, दप्तर जाळले

१/
गेल्या महिन्यात जुन्या वस्तूंच्या एका विक्रेत्याने टाकलेले छायाचित्र तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले आणि कौतुकाने पुढे पाठवले. उतरत्या झाकणाचे बुटके सागवानी डेस्क, आणि खाली मजकूर : ‘पेशवेकालीन लेखनमेज. मराठवाड्यातील सरदारी वाड्यातून. परदेशी पाठवण्याची सोय.’ मित्रहो, ते डेस्क मला ठाऊक आहे. ते पेशवेकालीन नाही, सरदाराचेही नाही. आणि तसे असते, तर ही जाहिरात हाच गुन्हा ठरला असता. कसे, ते आज सविस्तर सांगतो. धागा लांब आहे.

२/
मी अंकुशनगरचा. अंबड तालुक्यात समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेले हे गाव. आमच्याकडे ‘फड’ म्हटले की डोळ्यांपुढे ऊसतोड येते; पेशवाईत त्याच शब्दाने कारकुनांची कचेरी डोळ्यांपुढे येत असे. हे डेस्क होते अंबडच्या एका आडत दुकानात, माझ्या वर्गमित्राच्या आजोबांच्या गादीपुढे. शाळा सुटल्यावर आम्ही तेथे जात असू आणि त्याच्या दौतीच्या खळगीत बोट घालून ते निळे करून घेत असू. त्या घरात सरदार कोणी नव्हते. कापूस आणि सरकी यांचा व्यापार होता.

३/
आधी वस्तू नीट पाहू. मागची बाजू साधारण हातभर उंच, पुढची दीड वीत. झाकण उतरते, वरच्या कडेला बिजागऱ्या. खालच्या कडेला कागद घसरू नये म्हणून बोटभर पट्टी. वरच्या सपाट फळीत दोन खळग्या, एक काळ्या शाईची आणि एक तांबड्या शाईची. झाकण उचलले की आत लहान खण : पावत्या, शिक्के, सुट्टे पैसे. मागे एक चोरकप्पा, जो दुकानातल्या प्रत्येक पोराला माहीत होता. लिहिणारा मांडी घालून बसतो आणि डेस्क त्याच्या मांडीवर येईल इतक्याच उंचीचे असते. कलते कशासाठी? बोरू किंवा टाक उभा धरला तर शाई भसकन उतरते. कागद कलता असला की लेखणी आडवी राहते, शाई बेताने येते आणि मान वाकवावी लागत नाही.

४/
आता छायाचित्र मोठे करून बिजागरीकडे पाहा. एक स्क्रू अर्धवट बाहेर आलेला आहे आणि त्याचे टोक अणकुचीदार आहे. पेशवाई १८१८ मध्ये संपली. यंत्रावर केलेले टोकदार स्क्रू १८४० च्या दशकाच्या अखेरीपासून सर्रास होऊ लागले. त्यापूर्वीच्या स्क्रूंचे टोक बोथट असे आणि डोक्यावरची खाच हाताने कापलेली, म्हणून बहुधा मध्यापासून ढळलेली असे. तुम्ही म्हणाल, बिजागरी नंतर बदलली असेल. रास्त शंका. अशा वेळी जुन्या बिजागरीची खूण शोधायची : बुजवलेली भोके, लाकडावर राहिलेली फिकट चौकट. येथे तसे काहीही नाही. खणांच्या तळाला गोल तारेचे खिळे आहेत आणि तेही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतरचे. पूर्वीचा खिळा लोहाराने घडवलेला, चौकोनी अंगाचा असतो.

५/
शिवाय माझ्याकडे याहून बळकट पुरावा आहे. त्या डेस्काच्या एका खणाच्या तळाशी कागद चिकटवलेला होता. तो सुटून आला, तेव्हा मित्राने मला दिला. निजाम सरकारचा उर्दू छापाचा मुद्रांक कागद, आणि त्यावर फसली सन १३३५. दख्खनच्या फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९२५. रद्दी झालेला मुद्रांक खणाला अस्तर म्हणून लावला गेला. डेस्क त्याच सुमाराचे असावे, किंवा थोडे आधीचे. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे १९०० च्या सुमारास जालन्याला आली आणि ‘जालना सोने का पालना’ ही म्हण मिरवणाऱ्या बाजारपेठेत आडतीची दुकाने वाढली. ते दिवस या डेस्काचे.

६/
शंभर वर्षांची वस्तू दोनशे वर्षांची म्हणून विकली, यात एवढे चिडण्यासारखे काय? एक तर खोटे ते खोटे. पण माझी मुख्य तक्रार निराळी आहे. ‘पेशवेकालीन मेज’ हा शब्दप्रयोगच आपल्या पूर्वजांच्या लेखनव्यवहाराविषयीचे घोर अज्ञान पसरवतो. मालिकांत छत्रपती आणि पेशवे उंच मेजाशी बसून, मोरपीस दौतीत बुडवून खलिते लिहिताना दिसतात, तोच हा प्रकार. मोरपिसाचे तर नावच काढू नये. येथे बोरू चालत असे.

७/
पेशवाईत लिहीत कशावर? थॉमस डॅनिएलने १८०५ मध्ये पूर्ण केलेले एक मोठे तैलचित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. प्रसंग १७९० चा : सवाई माधवरावांच्या दरबारात इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट तह पुरा करतो आहे. दरबारी बैठकीवर बसलेले आणि इंग्रजही त्यांच्यासारखेच बैठकीवर बसलेले. हिंदुस्थानच्या राजकारणाला वळण देणारा दस्तऐवज खुर्ची-मेजावाचून हातात पडला, आणि त्या दरबाराला काही उणे पडल्याचे कोणाच्या चेहऱ्यावर दिसत नाही.

८/
याहून जुनी साक्ष आमच्या जिल्ह्यातलीच आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ चा, घनसावंगी तालुक्यातील जांबचा. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास ‘लेखनक्रियानिरूपण’ या नावाचा आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने तो एकदा भक्तिभाव बाजूला ठेवून, कारखान्याची कार्यपुस्तिका वाचावी तसा वाचावा. पान शिशाने आखून घ्या, चहूबाजूंनी समास सोडा, ओळीला ओळ लागू देऊ नका, देशोदेशीचे बोरू जमवा, शाईचा आणि हिंगुळाचा साठा ठेवा, फळ्या घोटा, बासने आणि मेणकापड बाळगा, पुस्तके कुलपाच्या पेट्यांत जपा. इतकी तपशीलवार यादी करणाऱ्याला मेजाची आठवणही झाली नाही. का व्हावी?

९/
कारण मेजाचे काम गुडघा करीत होता. एक पाय मुडपून दुसरा उभा ठेवायचा, कागद डाव्या हातात किंवा गुडघ्यावर धरायचा आणि हाताइतकाच कागदही सरकवायचा. जुन्नरचा किंवा दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचा कागद घोटून गुळगुळीत केलेला असे. त्यावर बोरू अडखळत नसे. मोडी लिहिताना आधी पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढायची आणि मग लेखणी फारशी न उचलता तिला अक्षरे लोंबवीत जायचे. ही लिपी, हा कागद, ही लेखणी आणि ही बैठक एकमेकांना धरून घडली आहेत. त्यांतून मेज वगळले गेले असे म्हणणे म्हणजे होडीला चाके नाहीत म्हणून हळहळणे.

१०/
आणि लेखनाचे ‘फर्निचर’ म्हणाल, तर ते कापडाचे होते. बसायला गादी, टेकायला लोड, कागद बांधायला रुमाल. रुमालात बांधलेले गाठोडे ते दप्तर. हा शब्द फारसी-अरबीतून आला आणि त्याही मागे ग्रीकमध्ये त्याचे मूळ कातड्यापाशी जाते. आपल्याकडे तो शब्द किती फिरला पाहा : गाठोडे, मग कचेरी, मग ‘दप्तरदिरंगाई’, आणि शेवटी शाळकरी पोराच्या पाठीवरची पिशवी. फ्रान्सातही असेच झाले. टेबलावर अंथरायच्या जाड्याभरड्या लोकरी कापडावरून टेबलाला ‘ब्यूरो’ म्हणू लागले, टेबलावरून कचेरीला, आणि कचेरीवरून सबंध नोकरशाहीला. राज्यकारभार दोन्हीकडे कापडावरच सुरू झाला. त्यांनी पुढे कापडाखाली चार पाय लावले, इतकेच.

११/
‘डेस्कचा इतिहास’ म्हणून जे धागे फिरतात, त्यांत या चार पायांचाच इतिहास असतो. पंधराव्या लुईसाठी १७६० मध्ये घ्यायला घेतलेले आणि १७६९ मध्ये पुरे झालेले गोल झाकणाचे मेज; १७५४ चे चिपेंडेलचे नमुनापुस्तक; मग व्हिक्टोरियाचा काळ. ते सारे खरे आहे आणि सुंदरही आहे. पण त्यातही आपला वाटा कोणी सांगत नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांत गोव्याच्या सुतारांनी पोर्तुगीजांसाठी पुढची फळी खाली उघडणारी लेखनकपाटे केली : सागावर आबनुसाचे जडावकाम, आणि पायांच्या जागी कधी जलकन्या. सुरतेहून मुंबईला आलेल्या कारागिरांनी हस्तिदंत, आबनूस, चंदन आणि कथील यांच्या बारीक तुकड्यांचे नक्षीकाम करून लेखनपेट्या सजवल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मुंबईच्या शिसवी मेजांवर साहेबाच्या आकारात आपल्या सुताराची वेलबुट्टी इतकी दाटली, की कोपर टेकायला जागा उरू नये. (हे माझे वैयक्तिक मत. शिसवी कामाचे चाहते रागावतील.)

१२/
आमच्या जिल्ह्यात साहेबाची लेखनपेटी आली ती सैन्याच्या सामानातून, असे मानायला जागा आहे. २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई याच जिल्ह्यातली. जालन्याचा किल्लाही त्याच महिन्यात इंग्रजांनी शिंद्यांकडून घेतला आणि पुढे जालन्यास छावणी बसली. इंग्रज अधिकारी घडीची मेजे आणि उतरत्या झाकणाच्या लेखनपेट्या बैलांच्या पाठीवर घालून हिंडत. पेटी उघडली की आतल्या दोन फळ्यांचा मिळून एक उतार होतो. दौत, वाळूची डबी, कागद सारे आत. वेलस्लीने तळावरून लिहिलेली पत्रे पुढे खंडच्या खंड भरून छापली गेली.

१३/
१८१८ नंतर पुण्यात आणि सालारजंगाच्या सुधारणांनंतर निजामी मुलखात कचेरीची मांडणी पालटली. भाषेत त्याची खूण राहिली आहे. पूर्वी सत्ता म्हणजे ‘गादी’ होती, नंतर सत्ता म्हणजे ‘खुर्ची’ झाली. अर्थात वरचा साहेब खुर्चीवर गेला, तरी खालचा कारकून, दिवाणजी आणि मुनीम पुष्कळ काळ जमिनीवरच राहिले. त्या खालच्यांसाठी कोण्या अनाम सुताराने साहेबाच्या लेखनपेटीचे उतरते झाकण, कुलूप आणि खण घेतले, त्याला आखूड पाय लावले आणि ते गादीपुढे ठेवले. मोगल चित्रांत बैठ्या चौक्या दिसतात, हे मला ठाऊक आहे. बैठक त्या चौकीची, पोट साहेबाच्या पेटीचे : मुनिमाच्या डेस्काची वंशावळ मी अशी लावतो. हा संकर आहे, आणि मला तो शिसवी मेजापेक्षा अधिक बुद्धिमान वाटतो. ज्याने तो घडवला, त्याने स्वतःची बैठक मोडली नाही आणि नवे ते नाकारलेही नाही. त्यावर ‘पेशवेकालीन’ असे लिहिले की त्या सुताराचे सारे श्रेय पुसले जाते.

१४/
आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळतो. ते या छायाचित्राखाली लिहून गेले की आपले पूर्वज जमिनीवर बसत म्हणून त्यांचे कणे ताठ होते, आणि खुर्चीने आपल्याला गुलाम केले. बंधूंनो, जमिनीवर बसणे सर्वांच्या वाट्याला सारखे येत नव्हते. सातारच्या शाळेत लहानग्या भीमरावाला घरून आणलेल्या गोणपाटावर निराळे बसावे लागे. इतर मुलांना त्याचा स्पर्श नको होता. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. गादीपुढे ज्याचे खाते लिहिले जाई, तो कुणबी उंबऱ्याबाहेर उकिडवा असे. काय लिहिले गेले ते त्याला वाचता येत नसे, आणि आंगठा मात्र त्याचा असे.

१५/
१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील सुप्याचा बाजार. शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांनी मागितले काय? कागद. रोखे आणि फैसले. जे मिळाले ते जाळले, आणि ज्यांनी निमूट दिले त्यांच्या अंगाला बहुधा हात लावला नाही. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने त्या भागात शेतकऱ्याचा रोखा ग्रामनिबंधकासमोर लिहिणे बंधनकारक केले. म्हणजे सावकाराच्या डेस्कावर होणारे लेखन सरकारच्या मेजावर नेले. डेस्काच्या इतिहासातली ही माझ्या मते चिपेंडेलच्या पुस्तकापेक्षा मोठी घटना आहे. कोणत्या शैलीच्या यादीत ती सापडते?

१६/
पुढचे भराभर सांगतो. मुंबई सरकारने १९१७ मध्ये मोडी सोडून बाळबोधीचा निर्णय घेतला. टंकयंत्राला सपाट, उंच आणि न डुगडुगणारे टेबल लागते. बैठे डेस्क तेथे हरले. गोदरेजचे पोलादी कपाट १९२३ चे आणि टंकयंत्र १९५५ चे. हिरवट-करड्या पोलादी टेबलांनी मग सारी कार्यालये भरली. सेवाग्रामच्या कुटीत गांधीजी १९३६ नंतरही बैठ्या मेजाशी लिहीत राहिले, पण तो त्यांनी हेतुपुरस्सर केलेला स्वीकार होता. आडत दुकानात मात्र ते डेस्क टिकले, कारण गादी टिकली. दिवाळीत वहीपूजनाला त्याच्यावर झेंडूची माळ चढे.

१७/
आता गुन्ह्याविषयी. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची किंवा ऐतिहासिक मोलाची वस्तू पुरावशेष ठरते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणून या विक्रेत्यापुढे दोनच वाटा आहेत. मेज खरोखर पेशवेकालीन असेल, तर ‘परदेशी पाठवण्याची सोय’ बेकायदेशीर. सोय कायदेशीर असेल, तर ‘पेशवेकालीन’ ही थाप. त्याने काय ते ठरवावे.

१८/
त्याच कायद्यात एक तरतूद आहे, जी तुम्ही पाठ करावी अशी माझी इच्छा आहे. वस्तूसाठी मुदत शंभर वर्षांची. पण ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा शास्त्रीय मोलाचे हस्तलिखित, नोंद वा दस्तऐवज असेल, तर पंचाहत्तर वर्षे पुरतात. लाकडाच्या आधी कागद. कायदा करणाऱ्यांना जे उमगले, ते आपल्या गावोगावच्या घरांना उमगलेले नाही आणि जुन्या वस्तूंच्या बाजाराला उमगून घ्यायचे नाही.

१९/
कारण डेस्क विकत घ्यायला माणूस आला, तेव्हा त्याने पहिले काम केले ते आतले कागद बाहेर काढण्याचे. रिकामे डेस्क गाडीत नीट मावते. रोजकीर्दी, खतावण्या, हुंड्या, मोडीतली पत्रे, उर्दू पावत्या : पोते भरून अंगणात पडले. मित्राच्या घरी मोडी वाचणारे कोणी उरलेले नाही, उर्दू वाचणारेही नाही. मी त्या दिवशी बाहेरगावी होतो. परत आलो तेव्हा मित्राच्या आईने अगदी निर्मळपणे सांगितले, की जुना कागद छान पेटतो, आठ दिवस बंब त्याच्यावरच तापवला. त्या माउलीला मी काय बोलणार? सुप्याच्या शेतकऱ्यांनी कागद जाळले, कारण त्यांत काय आहे हे त्यांना पुरते माहीत होते. आम्ही जाळले ते माहीत नव्हते म्हणून.

२०/
विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव, वाड्यावाड्यांतून हिंडून हेच कागद गोळा करीत होते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. त्यांनी डेस्के गोळा केली नाहीत. आजही पुण्याचे मंडळ आहे, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ आहे, राज्याचे पुराभिलेख संचालनालय आहे. तुमच्या आजोळी असे डेस्क असेल, तर ते विका किंवा ठेवा, तुमची मर्जी. पण झाकण उचलून प्रत्येक खणाचे छायाचित्र घ्या, कोणता कागद कोणत्या खणात होता ते लिहा, आणि पोते बंबाकडे जाण्याआधी यांपैकी कोणालातरी पत्र टाका. राजकीय पत्रेच मौल्यवान, हा गैरसमज सोडा. १९२५ साली जालन्याच्या बाजारात सरकीचा भाव काय होता, हमालाला काय मिळत होते, कोणत्या गावच्या कोणाचे शेत कोणत्या रकमेला लिहून घेतले गेले, हे कोणत्याही बखरीत सापडणार नाही.

२१/
माझ्याकडे उरले आहे ते ते अस्तराचे एक पान. छापील बाजू उर्दू, तीवर फसली सन. मागच्या कोऱ्या बाजूवर कोणीतरी मोडीत हिशेब केला आहे. हात घाईचा पण वळणदार, शिरोरेषा एका दमात ओढलेली. अंबड परगण्यातल्या एका शेतकऱ्याचे नाव, कापसाची वजने, उचल दिलेले रुपये, व्याज. शेवटच्या ओळीत बेरीज करायला घेतली आहे, आणि तिच्यापुढे लिहिले आहे : ‘पुढील बंदी पाहणे’.

पुढचा बंद बंबात गेला.